पेटीवरचं ओलं पोतं

मंडळी, आज दुपारी डिंगोऱ्यात आमच्या शेजारच्या सोपानभाऊंच्या बायकोला, मंदावहिनींना, विहिरीवर शॉक बसला. त्या अजून शुद्धीवर नाहीत.

मोटारीच्या पत्र्याच्या पेटीत करंट मोजायला एक रेझिस्टर असतो. ऊन चढलं की तो तापतो, त्याचा रोध वाढतो आणि पेटीला आहे त्याहून जास्त करंट दिसतो. मग ती घाबरून मोटार बंद करते. सकाळी मात्र सगळं ठीक.

यावर आमच्या हुशार शिवारानं उपाय शोधला, पेटीवर ओलं पोतं. परवाच मी सोपानभाऊंना विचारलं, "पेटीला ताप आलाय का?"

"हसा राव! गार केली की खरं बोलती."

आज पोत्यातलं पाणी आत झिरपलं. पोतं पुन्हा भिजवताना वहिनींचा हात पेटीला लागला.

दवाखान्याच्या पायरीवर सोपानभाऊ म्हणाले, "पेटी खोटं बोलत व्हती, पण कुणाच्या जिवावर उठत नव्हती."

परतताना पाहिलं, बांधाबांधावर पेट्या ओली पोती पांघरून उभ्या होत्या. सावलीला उसाचं पाचट पुरलं असतं, पण ते आम्ही जाळतो.

तुमच्या पेटीवर काय आहे? पोतं असेल, तर आधी वायरमनकडून खांबावरची लाईट बंद करून घ्या, मगच हात लावा.