चिखल्याची बाय कॉकपिटमध्ये

पायलटच्या लॉगबुकात सगळं लिहायची सोय असते. कुठून उडालो, कुठे उतरलो, किती तास, किती मिनिटं. फक्त गमतींचा रकाना नसतो! त्यामुळे इतक्या वर्षांत त्या नुसत्याच साठत गेल्या. सुट्टीत चिखल्याला आले आणि अंगणात खुर्च्या पडल्या, की कुणीतरी म्हणतंच, "बाय, सांग ना विमानातलं काहीतरी."

तर ऐका.

*

आई डहाणूच्या बाजारात मासळी विकते. मी फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक झाले तेव्हा तिने अख्ख्या बाजाराला सांगितलं. एका गिऱ्हाइकाला ते काही पटेना. आईने तिथूनच व्हिडिओ कॉल लावला. "टोपी घाल गो, यांना बघायचीय!"

मी हॉटेलात, गाऊनवर, केसांना तेल चोपडून बसलेली. तशीच टोपी चढवली आणि सॅल्यूट ठोकला.

गिऱ्हाइकाने नीट निरखून पाहिलं. "टोपी ठीक आहे. पण विमान कुठाय?"

आई भडकली. "विमान काय पाटीत घालून आणू? पापलेट घ्यायचं तर घ्या, नाहीतर व्हा पुढे!"

*

चंदीगडचे एक वयस्कर कॅप्टन माझ्यासोबत असायचे. एकदम कडक. मुंबईहून अहमदाबादला जाताना मला राहवलं नाही. "सर, खाली माझं गाव!" त्यांनी वाकून पाहिलं. नुसते ढग. पुढच्या वेळी पुन्हा ढग. तिसऱ्यांदा धुकं. मग मी सांगायचंच सोडलं.

त्यांच्या रिटायरमेंटच्या आधी एकदा आकाश लख्ख मोकळं मिळालं. निळा समुद्र, वाळूची रेघ, मागे चिकूच्या वाड्या. मी ओरडलेच, "सर, चिखले!"

सर बराच वेळ बघत राहिले. "अच्छा, तो सच में है!"

आणि माइक उचलून त्यांनी सगळ्या विमानाला सांगितलं, की उजवीकडे आमच्या फर्स्ट ऑफिसरचं गाव दिसतंय.

उतरताना डावीकडच्या एका काकांनी तक्रार केली, "आम्हाला कुठे दाखवलंत?"

*

आमच्या भागातल्या उधव्याला एका शाळेत मुलांशी बोलायला गेले होते. पहिल्या रांगेतल्या मुलीने विचारलं, "मॅडम, विमानाला रिव्हर्स गिअर असतो?"

म्हटलं, "नाही. मागे न्यायला ट्रॅक्टरसारखी गाडी लावून ढकलतात."

ती मैत्रिणीकडे वळली. "बघ! आपल्या जीपसारखंच. धक्का मारावा लागतो!"

*

आता बाबांचा किस्सा. बाबा तांडेल, म्हणजे होडीवरचे कप्तान. चाळीस वर्षं होडी हाकली, पण विमानात पाय ठेवायला तयार नव्हते. मी कॅप्टन झाल्यावर एकदाचे तयार झाले. गोव्याची फ्लाइट, तिसरी रांग, खिडकी.

नेमका त्या दिवशी वारा आडवा सुटला. धावपट्टी समोर आली, विमान डोलायला लागलं. उतरणं नीट जमेल असं मला काही वाटेना. मी सरळ विमान पुन्हा वर घेतलं. मागे किंकाळ्या! माझ्या मनात एकच, बाबा घाबरले असतील.

नंतर एअरहोस्टेसने सांगितलं. शेजारच्या बाईंनी बाबांचा हात घट्ट धरला होता. "काका, उतरायचं सोडून वर का चाललंय हो?"

बाबा म्हणाले, "खाडीच्या तोंडावर लाट बरोबर नसली, की आम्हीपण मागे फिरतो. ज्याला कळतं तोच फिरतो. तुम्ही बसा निवांत."

दुसऱ्या खेपेला अलगद उतरलो. टाळ्या पडल्या. मी कॉकपिटमधून बाहेर येऊन दारात उभी राहिले, तर बाबा आधीच तिथे! प्रत्येकाला सांगत होते, "सावकाश हां, पायरी बघा."

एक सुटाबुटातले गृहस्थ थांबले. बाबांना विमान कंपनीचेच कुणी समजून त्यांचा हात हातात घेत म्हणाले, "थँक यू. कमाल केलीत!"

बाबांनी मान ताठ केली. "आमचीच आहे."

ते गृहस्थ एकदा विमानावरच्या कंपनीच्या नावाकडे बघायला लागले, एकदा माझ्याकडे.