सिद्रामप्पाचे पाच पिवळे

कारकुनाच्या टेबलावर फायली साचतात हे सगळ्यांना दिसतं. किस्से साचतात ते निवृत्त झाल्यावर कळतं. फायली निदान रद्दीवाला नेतो. किस्से कोण नेणार? म्हणून ते मित्रांच्या माथी मारायचे.

सत्तरच्या दशकात सोलापुरात एका संस्थेच्या पोहण्याच्या टँकवर मी क्लार्क होतो. मला पोहता येत नव्हतं आणि रसायनशास्त्राशी माझं कधी पटलं नव्हतं. त्यामुळेच बहुधा पाणी तपासणीचं रजिस्टर माझ्याकडे आलं.

तपासणी सोपी होती. काचेच्या नळीत टँकचं पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे. क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. तो पिवळा छापील कार्डावरच्या पाच पिवळ्यांशी जुळवायचा आणि आकडा लिहायचा. दुसऱ्या नळीत दुसरं औषध टाकलं की पीएच कळायचा. पीएच म्हणजे काय, हे मला तेव्हा समजलं नाही. आता भरपूर वेळ आहे, तरीही समजलेलं नाही!

पाण्यात क्लोरीनची पावडर टाकायचं आणि तपासणीसाठी नळी भरून आणायचं काम सिद्रामप्पाचं. माणूस अक्कलकोटकडचा, घरात कानडी, टँकवर मराठी. आधी सूत रंगवण्याच्या कारखान्यात होता. टँकवर सहा वर्षं झाली, पण हंगामीच. त्या वर्षी संस्थेनं ठरवलं, की उन्हाळ्यात परवान्याचे अधिकारी येतील, त्यांनी पाणी पास केलं तर सिद्रामप्पा कायम. नापास केलं तर टँक बंद. दुष्काळ नुकता सरला होता. टँक उपसून पुन्हा भरायला पाणी कोण देणार? आणि टँक बंद म्हणजे सिद्रामप्पा घरी.

"भाऊसाहेब," त्यानं मला विचारलं, "पाणी पास व्हायचं म्हंजे त्येला काय काय यायला लागतंय?"

मी म्हणालो, "ते मलाही कुणी सांगितलेलं नाही."

*

आमचे चेअरमन नवी पेठेतले कापडाचे व्यापारी. हुशार माणूस. रजिस्टर चाळता चाळता थांबले.

"हा पीएच सात म्हणजे कितीपैकी?"

"चौदापैकी," मी म्हणालो. तपासणीच्या औषधांबरोबर आलेल्या पुस्तकात तसंच होतं.

"म्हणजे पन्नास टक्के? शेजारच्या शाळेतली पोरंसुद्धा साठ काढतात! वाढवा."

सिद्रामप्पानं चार दिवस धुण्याचा सोडा ओतला. पीएच साडेआठच्या वर गेला. पाणी गढूळ पांढरं झालं आणि पोहणाऱ्यांचे डोळे लालभडक. चेअरमन काठावर उभे राहून खूश झाले. "बघा, कसं दुधासारखं झालंय!"

मग पुस्तक वाचून मी ॲसिड मागवलं आणि आठवड्याभरात आकडा खाली आणला. चेअरमन पुन्हा आले, रजिस्टर बघितलं आणि हळहळले.

"शेवटी नापासच झालात!"

*

सिद्रामप्पाच्या नळीत क्लोरीन नेहमी भरघोस निघायचं. मला संशय आला. बघतो तर काय, पावडरीची पुरचुंडी ज्या कोपऱ्यात बांधून सोडायची, त्याच कोपऱ्यातून हा नमुना घेत होता!

"अहो, मधनं घ्या की पाणी."

"मधी कसा जाऊ? मला पवता येत न्हाय."

"सहा वर्षं टँकवर आहात आणि पोहता येत नाही?"

"भाऊसाहेब, रंगाऱ्यानं हौदात उतरायचं नसतंय," तो गंभीरपणे म्हणाला. "लोक नंतर वळकत न्हाईत."

मग बांबूला डबा बांधला.

*

काळे मास्तर रोज सकाळी पोहायचे आणि रोज तक्रार करायचे. "क्लोरीनचा फार वास येतो. पावडर कमी करा!"

मी पुस्तक उघडलं. त्यात लिहिलेलं, की उग्र वास येत असेल तर पावडर कमी पडते आहे, वाढवा. मी ते पान तीनदा वाचलं. पुस्तकाच्या शहाणपणाबद्दल शंका आली, पण पुस्तक छापील होतं. सिद्रामप्पानं संध्याकाळी पावडर चांगली दणकून टाकली. दुसऱ्या दिवशी वास गायब!

"बघा," मास्तर म्हणाले, "कमी केली की नाही?"

"व्हय मास्तर, लई कमी केली."

मास्तर खूश, सिद्रामप्पा खूश. मी पुस्तक कपाटात ठेवून दिलं.

*

एप्रिलात मोठाच घोटाळा झाला. छापील कार्ड मी खिडकीत ठेवायचो. सोलापूरच्या उन्हानं त्याचे पाचही पिवळे पांढरे करून टाकले! नवं कार्ड मागवलं, ते काही येईना.

सिद्रामप्पा म्हणाला, "जुनं कार्ड माझ्या डोळ्यात हाय की." दोन दिवसांनी तो सुताच्या पाच लडी घेऊन आला, स्वतः रंगवलेल्या. फिक्यापासून गडदपर्यंत त्यांची नावं बेसन, लिंबू, चाफा, हळद आणि झेंडू. आता नळी या लडींशी जुळवायची. आकडे त्याला पाठ नव्हते, म्हणून रजिस्टरात मी लिहू लागलो: 'सकाळी लिंबू. दुपारी बेसन.'

महिनाअखेरीस संस्थेच्या हिशेबनिसाचं पत्र आलं. 'टँकसाठी रोज लिंबू व बेसन कोणाच्या मंजुरीने खरेदी होते, याचा खुलासा करावा.'

मी तीन खुलासे पाठवले. चौथं पत्र आलं, 'झेंडू कशासाठी?'

*

आणि मे महिन्यात परवान्याचे अधिकारी आले. हातात चामडी पेटी, पेटीत स्वतःचं कार्ड. सिद्रामप्पा पहाटेपासून आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून उभा. लडी शर्टाच्या खिशात.

साहेबांनी नळी भरली, थेंब टाकले, कार्डाला लावली. "क्लोरीन कमी आहे. नापास."

सिद्रामप्पाचा चेहरा उतरला. पण तो वाकून कार्डाकडे बघतच राहिला.

"साहेब, तुमचा पिवळा लई चढलाय."

"काय?"

"कार्ड कवाचं हाय? कागद जुना झाला की आपसूक पिवळा पडतोय. त्याच्यापुढं आमचं पाणी फिकं दिसनारच की!" त्यानं खिशातली पुरेशा क्लोरीनची, म्हणजे लिंबाची, लड काढून नळीशेजारी धरली. तंतोतंत जुळली.

मला ते पटलं. माझी सगळी नोकरी पिवळ्या पडलेल्या कागदांत गेली होती. पण लडीही त्यानंच रंगवलेल्या! आता खरा पिवळा कोणता? साहेब कार्डाकडे बघत, सिद्रामप्पा लडीकडे, मी दोघांकडे.

शेवटी साहेबच म्हणाले, "पिण्याच्या नळाचं पाणी आणा. ते तर चांगलंच असणार. त्यावर कार्ड तपासू."

आणलं. थेंब टाकले. कार्डाला लावलं. नळाचं पाणी टँकपेक्षाही फिकं निघालं!

आता कार्ड बरोबर म्हटलं, तर टँकआधी गावाचा नळ नापास करायला हवा होता. साहेबांनी कार्ड पालथं ठेवलं. मग पेन काढलं आणि रजिस्टरात लिहिलं, 'टँकचे पाणी समाधानकारक.' खाली सही. त्या सहीवर सिद्रामप्पा कायम झाला.

साहेबांनी कपाळाचा घाम पुसला. मे महिन्याचं ऊन. मी त्याच नळाचा गार पाण्याचा ग्लास भरून पुढे केला. साहेबांनी ग्लासाकडे बघितलं, कार्डाकडे बघितलं.

"नको. बाहेर कुठं गोटीच्या सोड्याची बाटली मिळेल का?"

सिद्रामप्पानं ग्लास माझ्या हातून घेतला, उजेडात धरून नीट बघितला आणि अदबीनं दोन्ही हातांनी साहेबांपुढे केला.

"प्या की साहेब! टँकासंगं ह्येबी आत्ताच तर तुमी पास केलंय!"