खडूमामाची रेघ

आमच्या कॉलेजात किती शिकलेली माणसं आहेत हे बघायचं असेल, तर सकाळी सव्वादहाला गेटजवळ उभं राहावं. दुपारचा डबा घशाखाली उतरणार नाही. 'येथे गाडी लावू नये' अशी पाटी आहे, तर त्या पाटीलाच आरसा टेकवून गाडी लावतात. एकाच्या मागे दुसरा आडवी लावतो, वर हँडब्रेक ओढून निघून जातो. आगीचा बंब यायच्या रस्त्यावर गाडी सोडून एक डॉक्टरेटवाला वर्गात जातो आणि पोरांना नागरिकाची कर्तव्यं शिकवतो. शी! सत्तावीस वर्षं मी इथे ऑफिसात टायपिस्ट आहे. माझी खिडकी बरोब्बर गेटसमोर, त्यामुळे सुटका नाही. सवय होते म्हणतात. मला तरी झाली नाही.

या सगळ्यांना एकटा पुरून उरला तो आमचा खडूमामा.

गेटवरचा माणूस. खरं नाव हजेरीपटात असेल तेवढंच. आधी तो बस चालवायचा, अठरा वर्षं चालवली. मग उजव्या डोळ्याची नजर गेली, लायसन्स गेलं आणि तो गेटवर आला. नोकरीबरोबर सायकल स्टँडच्या मागची एक खोली मिळाली. तिथे मामा, मामी, दोन खुर्च्या आणि दारात वाळत घातलेले दोन खाकी शर्ट. दोन्ही शर्टांच्या खिशावर पांढरा डाग. मामी घासून घासून थकली, शेवटी म्हणाली, "राहू दे मेला, आता तो कापडाचाच रंग समजायचा."

खडूचा डाग होता तो. मामाची पद्धत अशी, की चुकीच्या जागी गाडी दिसली की खाली बसायचं, टायरवर खडूने एक उभी रेघ ओढायची आणि तीच रेघ खाली जमिनीवर उतरवायची. तासाभराने परत यायचं. दोन्ही रेघा जुळलेल्या असल्या म्हणजे गाडी जागची हललेली नाही. मग कितीही मोठा माणूस "अरे, आत्ताच तर लावली, दोन मिनिटं झाली" असं म्हणत आला, तरी मामा तोंड उघडायचा नाही. नुसतं बोटाने रेघ दाखवायचा. एका प्राध्यापकाला मी खिडकीतून बघितलंय, इकडेतिकडे बघत रुमालाने टायर पुसताना. टायर! त्याच रुमालाने त्याने पुढे घाम पुसला आणि कपाळावर काळा पट्टा घेऊन स्टाफरूममध्ये गेला. कोणी सांगितलं नाही त्याला. मी तर नाहीच सांगितलं.

पुढे वर्गांत पांढरे फळे आले आणि खडू संपले. एक म्हातारे गणिताचे सर तेवढे हट्टाने जुन्या फळ्यावर शिकवायचे. ते उरलेले तुकडे कागदाच्या पुडीत बांधून मामाला द्यायचे. अख्ख्या स्टाफमध्ये मामाशी नीट बोलणारा तो एक माणूस.

आता त्या मुलीचं सांगते, कारण सगळं तिच्यावरून झालं. ती व्हीलचेअरवर यायची, आई सोडायला यायची. मुख्य इमारतीला सात पायऱ्या आणि बाजूला रॅम्प. रॅम्पवर झाडाची सावली पडते, म्हणून तिथे गाड्या. ती पहिल्या वर्षाला असताना एकदा असाच रॅम्प अडला आणि चार जणांनी तिला खुर्चीसकट पायऱ्यांवरून उचललं. एकाचा हात निसटला. पडली पोर. हाड मोडलं नाही, पण अंगावरचे कपडे वर सरकले, सगळे बघत राहिले आणि गर्दीत कोणीतरी फिदीफिदी हसलं. दोन महिने ती कॉलेजात आलीच नाही. मग मामा तिच्या घरी गेला. कोणी पाठवलं नव्हतं, आपला आपणच गेला. म्हणाला, "पोरी, तू ये. रॅम्प मी बघतो. तुला कोणी हात लावणार नाही." त्या दिवसापासून रॅम्पवर सायकलसुद्धा टेकलेली मला दिसली नाही.

हे असं नीट चाललं होतं, तेव्हा आमच्या उपप्राचार्यांना शिस्तीची उबळ आली. नाकाने कांदे सोलणारा माणूस. त्यांनी वाहतूक समिती काढली, स्वतःच अध्यक्ष झाले आणि चौतीस नियम लिहिले. टाइप मी केले. बाविसावा नियम, रॅम्पवर किंवा बंबाच्या रस्त्यावर गाडी दिसली की चाकाला जॅमर, म्हणजे ते लोखंडी कुलूप ठोकायचं. तेविसावा, एकदा लावलेला जॅमर अध्यक्षांच्या लेखी आदेशाशिवाय काढायचा नाही, आणि आदेशात गाडीचा नंबर आणि जागा लिहायचीच. टाइप करताना मला हसू आलं होतं. उंटावरून शेळ्या हाकायची हौस, दुसरं काय.

पहिल्याच महिन्यात एका विभागप्रमुखाची गाडी बंबाच्या रस्त्यावर सापडली. त्याने मामाला सांगितलं, "अध्यक्षांशी फोनवर बोललोय, काढ." मामाने विश्वास ठेवला आणि काढला. दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी कानावर हात ठेवले आणि मामाला मेमो मिळाला. पुन्हा असं झालं तर नोकरी नाही आणि खोलीही नाही, असं त्यात साफ लिहिलं होतं. तोही मीच टाइप केला. मामाने तो घडी करून खडूच्याच खिशात ठेवला आणि मला म्हणाला, "ताई, आता देव जरी आला तरी लिहून घेईन."

त्यानंतर तीन महिन्यांनी, शेवटच्या वर्षाची परीक्षा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, दुपारी ऊन मी म्हणत होतं. उपप्राचार्य आले आणि त्यांनी आपली गाडी लावली ती थेट रॅम्पवर, सावलीत. नियम लिहिणारा माणूस! आपला तो बाब्या, दुसरं काय. मामाने रेघ ओढली. तासाने आला, रेघ जुळलेली. आणखी एक तास थांबला, तरी जुळलेली. मग त्याने जॅमर लावला.

सर संध्याकाळी खाली आले तेव्हा पन्नासेक पोरं मोबाइल घेऊन फोटो काढत होती. सरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. "काढ तो," म्हणाले.

"लिहून द्या, सर."

"मी अध्यक्ष आहे."

"म्हणूनच तर, सर. तुम्हीच लिहून द्यायचंय."

आता लिहून द्यायचं म्हणजे स्वतःच्या गाडीचा नंबर आणि पुढे 'रॅम्प' असं स्वतःच्या सहीनिशी लिहायचं. ते कसं लिहितील? दुसऱ्याच्या गाडीत बसून घरी गेले. आम्ही ऑफिसातली सगळी माणसं खिडकीत दाटी करून हसत होतो. मी मामासाठी चहा पाठवला. मामाही, खोटं कशाला बोलू, मिशीत हसत होता. इतक्या वर्षांचा राग होता, जरा थंड झाला. आणि आमच्यापैकी एकाच्याही टाळक्यात आलं नाही, की गाडीला कुलूप ठोकलं म्हणजे ती गाडी आता रॅम्पवरच राहणार.

सकाळी दहाला ती मुलगी आली. आईने खुर्ची रॅम्पपाशी आणली आणि थांबली. मुलगी नुसती मामाकडे बघत राहिली. पेपर साडेदहाला होता आणि हॉल पायऱ्यांच्या वर.

मी खिडकीतून मामाचा चेहरा बघितला आणि खाली धावले. तो म्हणाला, "ताई, रॅम्प मीच अडवला." एवढंच परत परत म्हणत होता. कोणीतरी हुशार पुढे झाला, "चला, चौघं या, उचलू." मुलीने खुर्चीची चाकं दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि मान हलवली. नाही म्हणजे नाही. आई रडायला लागली.

मी म्हटलं, "मामा, थांबा. मी आणते लिहून."

उपप्राचार्य परीक्षेच्या खोलीत एकटेच पाकिटं मोजत होते. मी धापा टाकत सगळं सांगितलं. त्यांनी वर न बघता खिशातून किल्ली काढून टेबलावर टाकली. "काढ म्हणावं त्याला. आणि गाडी बाजूला लाव म्हणावं."

"दोन ओळी लिहून द्या ना, सर."

"बाई, पेपरला वीस मिनिटं राहिलीत आणि तुम्ही माझ्याकडून कागद मागताय? मी बोललोय ना? मग झालं तर."

झालं तर! मी किल्ली घेऊन खाली आले. मामाने आधी माझ्या हातात कागद शोधला.

"लेखी?"

"देतील मागून. काढा म्हणालेत. माझ्यासमोर म्हणालेत, मामा. मी आहे ना साक्षीला."

मामाने एकदा मुलीकडे बघितलं आणि एकदा सायकल स्टँडच्या दिशेने, खोलीकडे. मग खाली बसला आणि जॅमर काढला. गाडी त्यानेच मागे घेतली. एका डोळ्याचा माणूस, पण एका दमात, कुठे खरचटलंसुद्धा नाही. इतक्या वर्षांनी हातात स्टिअरिंग आलं होतं. मुलगी रॅम्पवरून वर गेली, आपल्या हातांनी चाकं फिरवत. पेपर सुरू व्हायला सहा मिनिटं बाकी होती.

फोटो मात्र तोवर गावभर झाले होते आणि कोणाचा तरी बळी हवा होता. चौथ्या दिवशी प्राचार्यांच्या केबिनमध्ये चौकशी झाली. मामा बाहेर बाकावर, मी आत. उपप्राचार्य शांतपणे म्हणाले, "मी सही करून पाठवणारच होतो. किल्ली म्हणून तर दिली. पण त्याला तेवढा धीर नाही. ही दुसरी वेळ." इतकं सरळ तोंड करून माणूस खोटं बोलू शकतो, हे मी पहिल्यांदा इतक्या जवळून पाहिलं.

प्राचार्यांनी मला विचारलं, "बाई, यांनी जॅमर काढायला सांगितलं होतं का?"

उपप्राचार्य माझ्याकडे बघत होते. मला निवृत्त व्हायला चौदा महिने राहिलेत. माझ्या पेन्शनचे सगळे कागद त्यांच्या सहीने पुढे जातात. हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

मी म्हटलं, "लेखी काही नव्हतं, सर."

"म्हणजे आदेश नव्हता."

मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, देव जाणे. प्राचार्यांना जे कळायचं ते कळलं.

आठ दिवसांत खोली रिकामी करायचा आदेश निघाला. टाइप कोण करणार? मीच. काना-मात्रेची एक चूक केली नाही मी त्यात. आणि सही? रॅम्पवरच्या त्या पोरीसाठी ज्याला दोन ओळी लिहायला वेळ नव्हता, त्याने उभ्याउभ्या फर्रकन सही केली.

टेम्पोत सामान चढत होतं, तेव्हा मी खाली गेले. काय बोलायचं ते ठरवून गेले होते. मामी माझ्याकडे न बघता खुर्च्या बांधत होती. मामाने मात्र नेहमीसारखंच विचारलं, "ताई, पोरीचा पेपर कसा गेला, काही कळलं?"

मी विचारलंच नव्हतं.

"नाही," म्हटलं.

"विचारून ठेवा," म्हणाला आणि टेम्पोत बसला. माझ्या साक्षीचा 'स'सुद्धा त्याने काढला नाही. काढला असता तर मला बरं वाटलं असतं.

आता गेटवर नवा माणूस आहे. गाड्या बघून सलाम ठोकतो. रॅम्पवर उपप्राचार्यांची गाडी असते, रोज, सावलीत. परवा निकाल लागला आणि त्या मुलीची आई गुणपत्रिका घ्यायला ऑफिसात आली. एकटीच. मुलीला खाली गेटपाशी ठेवून आली होती. मुलगी वर्गात दुसरी आली होती. आईने मला ओळखलं, टेबलाच्या कडेने आत आली आणि माझे दोन्ही हात धरले.

"त्या दिवशी तुम्ही धावला नसता तर माझ्या पोरीचं वर्ष गेलं असतं," म्हणाली. "आणि ते मामा कुठे दिसले नाहीत?"

"गेले ते. नोकरी सोडली," मी म्हटलं.

"अरेरे. त्यांनाही सांगायचं होतं," ती म्हणाली. "पण खरे उपकार तुमचे हो."

ऑफिसातली सगळी माणसं मान खाली घालून कामं करत होती. मी तिचे हात थोपटले.

"अहो, त्यात काय एवढं," मी म्हटलं.