मागे कुणीच नव्हतं

लेकीकडे परदेशी गेले होते तेव्हाची गोष्ट. तिथल्या संग्रहालयात मी चित्रांसमोरून झपाझप चालले होते. सोनेरी वर्खातली मेरी, अंधारातून उजळलेले डच चेहरे, जवळ गेलं की नुसते रंगाचे फटकारे होणारी फ्रेंच तळी. शतकामागून शतकं मी तासाभरात ओलांडली. प्रत्येक चित्रापुढे डोळे भरून बघावं म्हणून थांबायचे आणि लगेच बाजूला सरकायचे. मागून कुणीतरी "चला, पुढे चला" म्हणेल असं वाटत राहायचं. जन्मभर देव असाच पाहिला, खांद्यावर हात पडायच्या आत. मिळेल तेवढं बघायचं आणि मागच्याला जागा करून द्यायची, हे अंगातच मुरलंय.

शेवटच्या दालनात एक अमेरिकन चित्र होतं. रिकाम्या खोलीत, लाकडी खुर्चीवर, उन्हाकडे तोंड करून बसलेली बाई. काही करत नव्हती, कुणाची वाटही पाहत नव्हती. मला तिचा रागच आला. एवढं निवांत बसवतं कसं एखाद्या बाईला?

"आई, बस ना जरा," समोरच्या बाकावरून लेक म्हणाली. "देवळातून निघताना तूच तर आम्हाला टेकायला लावायचीस."

खरंच होतं. घटकाभर टेकल्याशिवाय दर्शन पुरं होत नाही, हे मीच शिकवलेलं. मी बसले. त्या बाईच्या अंगावरचं ऊन जागचं हललं नाही. माझे पाय मात्र बाकाखाली हलतच होते, आणि मी सारखी मागे वळून बघत होते.

मागे कुणीच नव्हतं.