दत्तूची होडी आणि उजवा कौल

परसातल्या मांगरातला रंध्याचा आवाज थांबला, तेव्हा मी पेज ढवळत होते. वाटलं, दत्तूला चहा हवा असेल. त्याची तीच रीत, हाक मारायची नाही, नुसतं काम थांबवायचं. कप घेऊन गेले, तर अर्धवट बांधलेल्या होडीला टेकून बसला होता, मांडीवर लाकडाच्या ढलप्या... चहा माझ्या हातातच निवला. त्याला आता दीड महिना झाला.

दत्तू माझा धाकटा भाऊ. मालवणात एका कचेरीत कारकून होता, निवृत्त होईपर्यंत. पण जीव होता तो आचऱ्याच्या खाडीवर. रविवार उजाडला की होड्या बांधणाऱ्या म्हाताऱ्या मेस्त्रीकडे पळायचा. फळीला फळी लावून काथ्याने शिवायला तिथेच शिकला. मेस्त्री म्हणायचा, “ह्ये हात हापिसात फुकट घालवतंस रे!” एक दिवस त्याने सरळच सांगितलं, माझं काम तू चालव, मला आता होत नाही. त्या दिवशी दत्तू जेवला नाही. तेव्हा मी नवरा गेल्यावर माहेरी आलेली, माझी लेक नंदा दहावीला, आणि घर सगळं दत्तूच्या पगारावर. तो म्हणाला, “आक्का, देवाक इचारूया.”

आमच्या घरात विहीर खणायची तरी कौल लावल्याशिवाय नाही. गुरव देवाच्या अंगाला दोन्ही बाजूंनी ओल्या पाकळ्या लावतो, गाऱ्हाणं घालतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नको. दत्तूला रजा मिळेना, म्हणून मीच गेले. नोकरी सोडू का, एवढंच विचारायचं होतं.

कौल उजवा पडला. मी डोळ्यांनी पाहिला. गुरवही म्हणाला, “बाये, खुशाल सोड म्हणान सांग तेका.” घरापर्यंतची वाट कशी चालले, माहीत नाही. डोळ्यांपुढे नंदाचं कॉलेज, आणि पावसात चार महिने कमाईविना वर ओढून ठेवलेल्या होड्या... संध्याकाळी दत्तूने चपलासुद्धा काढल्या नाहीत. “काय गो आक्का?”

मी म्हटलं, “डावो पडलो.”

“बरा,” म्हणाला, आणि पाय धुवायला गेला.

त्या नोकरीवर नंदा नर्स झाली, त्या नोकरीवरच दत्तूचं लग्न जमलं. मेस्त्री गेला. पुढे खाडीत फायबरच्या होड्या आल्या, लाकडाच्यांना कोणी विचारीना. शेजारीपाजारी म्हणायचे, बरं झालं दत्तू नोकरीत राहिला. मीही मनाशी तेच घोकायची. पण खरं सांगू? कोण जाणे, तो फायबरचंही शिकला असता. नाहीतर उपाशीही राहिला असता. मी त्याला दोन्ही होऊ दिलं नाही.

निवृत्तीनंतर आठवड्याभरात त्याने मांगर झाडला, फणसाच्या फळ्या आणल्या. कोणासाठी रे, विचारलं, तर म्हणे, “माझ्यासाठी.” रोज सकाळी रंधा सुरू. इतकी वर्षं फायली हाताळलेले हात, पण फळीवरून असे फिरायचे की मला बघवत नसे. एका दुपारी राहवलं नाही. म्हटलं, “दत्तू, तो कौल डावो नव्हतो रे.”

रंधा थांबलासुद्धा नाही. “म्हायत आसा माका. गुरवान दुसऱ्याच दिवशी बाजारात इचारल्यान, कधी सोडतंस नोकरी?”

“मगे सोडलंस नाय कित्याक?”

“तू सांगलंस तेव्हा तुझे व्हठ पांढरे पडलले गो. देव रागावलो तर एक नारळ ठेवन समजूत काढतंय. तुझी खंय काढू?” आणि हसला. मी पदर तोंडाला लावून तिथेच बसले. तर वर म्हणतो कसा, “रडतंस काय, ती फळी धर सरळ!”

मी फळी धरली. ती त्याने बसवली तेवढीच... पुढच्या तशाच भिंतीला टेकून आहेत. रंध्याच्या तोंडात शेवटची ढलपी अजून अडकलेली आहे, ती मी काढू देत नाही. परवा मिठबावचा एकजण आला. होडी नेतो, पुरी करून पाण्यात घालतो म्हणाला. सुमनला, दत्तूच्या बायकोला, काय करावं सुचेना. म्हणाली, “वन्सं, माझे पाय देवळाकडे वळनत नाय. तुमीच कौल लावन येवा.”

मी नको म्हटलं. देऊन टाका असा उजवा पडला, तर घरी येऊन मी पुन्हा डावाच सांगेन.