बायने सोडलेली प्रार्थना

फोन आला तेव्हा मी बोंबील साफ करत होते. भाची म्हणाली, "मावशी, आई गेली." हात तसेच ओले, आणि मनात पहिलं काय आलं सांगू? माफी मागायची राहिली...

आग्नेस माझी थोरली बहीण, आम्ही तिला बाय म्हणायचो. ती गोराई गावात राहिली, मी लग्न होऊन बोरिवलीच्या बिल्डिंगीत आले. दरवर्षी सप्टेंबरात आमचं सगळं कुटुंब गोराईहून उत्तनच्या मरियामाऊलीच्या चर्चला चालत जातं. पाऊस असतोच, दोन्ही बाजूंना भाताची शेतं, चिखलात चपला रुततात. बाय सगळ्यांत पुढे, अनवाणी, खणखणीत आवाजात रोजरी, म्हणजे मरियेची जपमाळ, सांगायची, "नमो मरिये, कृपापूर्णे..." आणि आम्ही मागून उत्तर द्यायचो.

माझ्या लेकीचं लग्न ठरलं त्या वर्षी व्याहीही आमच्याबरोबर चालायला आले. अंधेरीची माणसं, घरात सगळं इंग्रजी. पाऊण तास मी ऐकलं, मग बायच्या जवळ जाऊन हळूच म्हटलं, "जरा इंग्लिशमध्ये घे ना गं, ते लोक काय म्हणतील?" पुढच्या वर्षी बाय नातवाकडून शिकून आली आणि सुरू केलं, "हेल मेरी, फुल ऑफ ग्रास." ग्रेस म्हणजे कृपा, ग्रास म्हणजे गवत. पोरं खुसखुसली. बायने शेताकडे बघून म्हटलं, "मग? गवत माऊलीचं नाही तर काय दुसऱ्या कुणाचं आहे?" सगळे हसले, पण सगळ्यांत मोठ्याने कोण हसलं? मी. त्याही वर्षी आलेल्या विहिणीकडे बघून हसले, म्हणजे मी यांच्यातली नाही असं तिला कळावं म्हणून. त्यानंतर बाय पुढे चालली नाही. सगळ्यांच्या मागे राहायची, ओठ तेवढे हलायचे. कुणी विचारलं तर म्हणायची, गुडघा दुखतो. मला खरं माहीत होतं आणि मी तो गुडघा चालवून घेतला.

शेवटची भेट तिच्याच खोलीत झाली. ती पडून होती. मी हात धरून मराठीत सुरुवात केली, तर ती उत्तर देते इंग्रजीत, मोडकंतोडकं. मी म्हटलं, "बाय, आपलं म्हण ना."

"राहू दे गं. तुला लाज वाटते ना." रागाने नाही हो, सांभाळून घेतल्यासारखं म्हणाली. तेव्हाच माफी मागायची होती, पण मी उशी नीट करत बसले.

यंदा पुढे चालायला भाचीने मला सांगितलं. मी मराठीतच सुरू केलं, मोठ्याने, पहिल्यांदाच. मंडळी उत्तर देत होती, पाऊस पडत होता, बरं वाटत होतं. मनोरीच्या फाट्यापुढे कुठलीशी अनोळखी मंडळी, रंगीत छत्र्या घेतलेली, इंग्रजीत बोलत आमच्या बाजूने चालू लागली... आणि माझा आवाज आपोआप खाली गेला. मागून भाचीने विचारलं, "मावशी, थांबलीस का?"

मी म्हटलं, गुडघा दुखतोय.