मंगळवारची खोट

हॉटेलात उरलेला भात सकाळी फोडणीला जातो, उरलेल्या पोळ्या गाईला जातात. किस्से मात्र उरले की उरलेच! त्यांना फ्रीज लागत नाही आणि कितीही वेळा गरम केले तरी ते नासत नाहीत. माझ्याकडे तर इतके साठलेत, की आता गिऱ्हाइकांची नावं लक्षात ठेवायला डोक्यात जागा उरलेली नाही. त्यातले थोडे आज वाढून टाकतो.

देवळीच्या बसस्टँडजवळ माझं रेस्टॉरंट आहे. बोर्डावर मोठ्या हौसेनं ‘फॅमिली रेस्टॉरंट’ रंगवून घेतलंय, पण गाव हॉटेलच म्हणतं. आमचं चौघांचं एक टोळकं आहे. मी, वर्ध्याचे युनूसभाई, हिंगणीच्या रजनीताई आणि जामच्या चौकातले प्रकाशभाऊ. सगळे एकाच धंद्यातले. मंगळवारी गर्दी कमी, म्हणून दुपारी चार वाजता आम्ही पाळीपाळीनं एकेकाच्या हॉटेलात जेवायला जमतो.

या जेवणाचा नियम एकच. जेवून झालं की टेबलावर बसलेल्या प्रत्येकानं एक खोट काढायची. काढायचीच! आणि मालकानं त्यावर उत्तर द्यायचं नाही. जो तोंड उघडेल त्यानं सगळ्यांची ताटं घासायची.

ऐकायला सोपं वाटतं. पहिल्याच मंगळवारी रजनीताई माझ्याकडे जेवून म्हणाल्या, “भाऊ, वरण पातळ हाय.” मी म्हणालो, “पातळ नाई ताई, ते आज जरा...” झालं! चार ताटं, आठ वाट्या. आजवर तीन वेळा घासलीत. युनूसभाई तर गावभर सांगतात, “देवळीले जा, तिथं मालक सोता भांडे घासते. एकदम चकाचक!”

*

हल्ली आमच्या धंद्याचं अर्धं सुखदुःख मोबाइलच्या स्टारांवर असतं. एका सकाळी बघतो तर माझ्या हॉटेलाला कुणीतरी एकच स्टार दिलेला. नाव वाचलं, स्क्रीन पुसून परत वाचलं. आमचे गुरुजी! रिटायर झाल्यापासून रोज दुपारी माझ्याकडे जेवणारे, कोपऱ्यातलं टेबल त्यांचंच.

दुपारी ते आले तेव्हा मी हात जोडून विचारलं, “काऊन जी गुरुजी, काही चुकलं का?”

“काही नाई. उलट मी तुले शाबासकी देल्ली.”

“पण स्टार एकच?”

गुरुजींनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. “वर्गात पयला नंबर मोठा का पाचवा?”

चाळीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला काय समजावणार? तो स्टार अजून तसाच आहे. वर त्यांनी आपल्या तीन मित्रांनाही शाबासकी द्यायला लावली!

*

माणसं मिळत नाहीत हे आमचं कायमचं रडगाणं. त्यात लग्नसराई आली की आचारी टिकवणं म्हणजे दिव्यच. माझा आचारी सुखदेव ऐन सीझनमध्ये रडवेला होऊन आला. “साहेब, आत्या गेली. आठ दिवस सुट्टी पाह्यजे.” मी म्हणालो, “जा बाबा.” बायकोनं त्याच्याबरोबर लाडूही बांधून दिले.

चौथ्या दिवशी मी पुलगावला एका लग्नाला गेलो. पंगतीत बसलो. वांग्याच्या भाजीचा पहिला घास घेतला आणि हात थांबला. ही चव तर ओळखीची! मान वर केली तर बादली घेऊन सुखदेवच समोर उभा.

मी विचारलं, “सुखदेव, आत्या कशी हाय?”

“आता बरी हाय साहेब,” असं म्हणून त्यानं मला अजून एक डाव भाजी वाढली.

खरं सांगू? राग येण्याऐवजी मला भाजीचंच कौतुक वाटलं. परत आल्यावर त्याला विचारलं, आपल्याकडे अशी का होत नाही? तो म्हणाला, “साहेब, तिथं कांदे कापाले चार मानसं होते. इथं मी एकटा.” मंगळवारी कुणी काढली नाही इतकी खरी खोट त्यानं काढली. पुढच्या महिन्यात मी त्याच्या हाताखाली एक बाई ठेवली.

*

युनूसभाईंचं वर्ध्याचं हॉटेल अॅपवर आहे. एकदा भर दुपारी ऑर्डर वाजली. दोन बिर्याणी, एक रायता. थोड्या वेळानं डिलिव्हरीवाले गृहस्थ आले, चांगले पन्नाशीचे, डोक्यावर हेल्मेट. पार्सल घेऊन दाराबाहेर गेले, मोबाइल बघितला, आणि परत आत आले.

“काय राह्यलं?” युनूसभाईंनी विचारलं.

“काही नाई, पत्ता इथलाच हाय.”

ते सरळ एसीखालच्या टेबलाशी गेले. तिथं एक जोडपं बसलं होतं. गृहस्थांनी त्यांना ओटीपी विचारला आणि पार्सल हातात दिलं. युनूसभाई थक्क! जोडप्यातला तरुण लाजून म्हणाला, “चाचा, अॅपवर सूट हाय ना, म्हणून.”

“अरे यार, मले सांगतलं असतं तर मीच सूट देल्ली असती!”

“हाव, पण मग एसीत बसून पार्सल खायले नसतं भेटलं ना!” हे त्याची बायको म्हणाली.

युनूसभाईंनी त्यांना प्लेटा दिल्या, चमचे दिले, वर कांदा-लिंबूही दिलं. त्या रात्री रेटिंग आलं, पाच स्टार. खाली लिहिलं होतं, ‘डिलिव्हरी खूप फास्ट.’

*

रजनीताईंचं हॉटेल हिंगणीला, बोर धरणाच्या रस्त्यावर. जंगल बघायला येणारी शहरातली मंडळी हेच त्यांचं गिऱ्हाईक, आणि प्रत्येकाला चुलीवरचं गावरान हवं असतं. म्हणून गॅस असतानाही ताईंनी अंगणात चूल मांडली. धुरानं डोळे चोळत भाकरी थापतात आणि पाहुणे व्हिडिओ काढतात.

एक बाई नागपूरहून आल्या. मेनू बाजूला सारून म्हणाल्या, “हे सगळं नको. गावातल्या घरी खास पाहुणे आले की तुम्ही खरोखर जे करता ना, अगदी तेच आम्हाला द्या.”

ताईंनी दोनदा विचारलं, “नक्की?” बाई म्हणाल्या, “नक्की!”

अर्ध्या तासानं ताईंनी ताट आणून ठेवलं. पनीर बटर मसाला!

*

आता प्रकाशभाऊ. जामच्या चौकात त्यांचं हॉटेल, आणि आत भाकरी थापायला मंगलावहिनी. बावीस वर्षं हीच जोडी. पूर्वी प्रत्येक गाडी त्यांच्या दारावरून जायची. मग उड्डाणपूल झाला आणि गाड्या डोक्यावरून जायला लागल्या. भाऊ गल्ल्यावर बसून वर बघत राहायचे.

एके दिवशी वहिनींच्या फोनवर एका जुन्या ट्रक ड्रायव्हरचा फोन आला. “भाभीजी, ऊपर खडा हूँ. छे भाकर और झुणका!” वहिनींनी डबा बांधला. ड्रायव्हरनं वरून दोरी सोडली, डबा वर गेला. आठवड्याभरात रोज चार-पाच दोऱ्या लोंबायला लागल्या!

मग पोलीस आला. पुलावर गाडी थांबवता म्हणजे काय, म्हणून ओरडला, आणि बरोबरच होतं त्याचं. दोरी घेऊन गेला, तिला बांधलेल्या डब्यासकट. दुसऱ्या दिवशी तोच परत आला, खालच्या रस्त्यानं, रिकामा डबा घेऊन. “वहिनी, झुणका पाह्यजे होता.”

तेव्हापासून ड्रायव्हर आधी फोन करतात आणि पुलाच्या अलीकडेच खाली वळतात. कुणाला किती भाकरी, कुणाला ठेचा चालत नाही, सगळं वहिनींना पाठ. प्रकाशभाऊ मात्र अजून वरच बघायचे. आत फोन वाजतो आहे, हे त्यांच्या कानापर्यंत गेलंच नाही.

एका मंगळवारी माझ्याकडे जेवताना ते हळूच म्हणाले, “एक कंपनी जागा मांगून राह्यली भाड्यानं. सारं पाकिटातलं जेवन आनते म्हंते, गरम करा न् वाढा. आपली चूल बंद. पुढच्या मंगळवारी माझ्याकडं शेवटचं जेवा. बुधवारी सही करतो.”

“वहिनी काय म्हणते?” रजनीताईंनी विचारलं.

“तिले अजून सांगतलं नाई. लय राबली बिचारी. आराम भेटन तिले.”

युनूसभाईंनी उचललेली भाकर परत ताटात ठेवली. घास गोड लागेना.

*

तो मंगळवार उजाडला. जामला जेवायला बसलो. ज्वारीची भाकर, झुणका, भरली वांगी, ठेचा. शेवटचं जेवण म्हणून की काय, कुणालाच खोट सापडेना. पण नियम तो नियम. डोळ्यांतून पाणी येत असताना युनूसभाई म्हणाले, “ठेच्यात मिरची कमी हाय.” रजनीताई म्हणाल्या, “ताट लहान हाय.” मी म्हणालो, “खुर्ची हलते.” भाऊ मान हलवत सगळं ऐकून घेत होते.

तेवढ्यात मंगलावहिनी पदराला हात पुसत बाहेर आल्या. बावीस वर्षांत त्या या हॉटेलात टेबलावर कधी बसल्या नव्हत्या. त्यांनी स्वतःचं ताट वाढून घेतलं, खुर्ची ओढली, बसल्या, आणि भाकर मोडून झुणक्याशी एक घास खाल्ला. सावकाश.

“टेबलावर बसली तं मले बी एक खोट काढा लागते ना?”

“हाव, नियम हाय,” युनूसभाई म्हणाले.

वहिनींनी कंपनीचे कागद टेबलावर ठेवले. कडांना पीठ लागलं होतं. भाऊंनी ते पिठाच्या डब्याखाली लपवले होते. ज्या माणसानं जन्मात तो डबा उचलला नाही, त्यालाच ती जागा सुरक्षित वाटणार!

“जेवन चांगलं हाय,” वहिनी म्हणाल्या. “खोट एकच. मले कोनं इचारलं नाई.”

पुलावरून एक ट्रक गेला. भाऊंनी वर बघितलं नाही. त्यांचं तोंड उघडलं, आणि मिटलं. मग ते उठले. आमची ताटं एकात एक रचली, वहिनींचंही घेतलं, आणि आत मोरीवर जाऊन नळ सोडला.

“अरे, पण भाऊ तं काहीच बोलले नाई!” युनूसभाई म्हणाले. “नियमानं त्याइले घासा लागत नाई!”

“घासू द्या,” वहिनी म्हणाल्या. मग आतल्या बाजूला वळून जरा मोठ्यानं म्हणाल्या, “अवो, कढई बी चांगली घासजा. संध्याकाळी लागते.”